गळतीचा माग

पावसाळ्यात आमच्या कोल्हापूरकडे "गळतंय" हा शब्द घरोघरी ऐकू येतो. कौलारू घरात राहिलेल्यांना एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. थेंब पडतो त्याच्या बरोबर वरचं कौल फुटलेलं असतंच असं नाही. पाणी वाशावरून दोन हात सरकतं आणि मग सोयीच्या जागी टपकतं. आज लिहायचंय ते मात्र गाडीच्या गळतीबद्दल, त्यातही क्लचच्या. विषय रुक्ष वाटेल, पण त्याचा इतिहास भलताच रंजक आहे. तेव्हा मंडळी, थोडा धीर धरा.

आपल्यापैकी अनेकांची पहिली गाडी मारुती ८००. १९८३ साली आलेल्या त्या गाडीच्या क्लचला केबल होती. तुटली की लगेच कळायचं. सुमो, बोलेरोसारख्या गाड्यांत केबलचं काम तेल करतं. पेडल दाबलं की वरचा मास्टर सिलिंडर तेलाला नळीतून ढकलतं, ते तेल खालच्या स्लेव्ह सिलिंडरचा दट्ट्या सरकवतं आणि क्लच सुटतो.

यामागचं तत्त्व पास्कलने सतराव्या शतकात सांगितलं. बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. पण त्याचा उपयोग करून लंडनच्या जोसेफ ब्रामाने हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं ते थेट १७९५ साली. आणि त्याला छळलं कशानं? गळतीनं! दट्ट्या घट्ट बसवला तर हलेना, सैल ठेवला तर पाणी बाहेर. शेवटी उपयोगी पडली चामड्याची वाटी. आतला दाब वाढला की तिच्या कडा भिंतीला अधिकच चिकटतात, म्हणजे गळायला निघालेलं पाणीच गळती थांबवतं. या युक्तीचं श्रेय ब्रामाच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्ली या कारागिराला दिलं जातं. सायकलच्या पंपात चामड्याचा वायसर असायचा ना, तो याच घराण्यातला.

मोटारीत हे तंत्र आधी ब्रेकसाठी आलं. अमेरिकेत माल्कम लॉकहीडने १९१७ मध्ये पेटंट घेतलं, १९२१ च्या ड्युसेनबर्ग गाडीत असे ब्रेक आले. पण चामडं पुन्हा गळू लागलं. १९२४ च्या क्रायस्लर गाडीसाठी तिथल्या इंजिनिअरांनी चामडं काढून रबराच्या वाट्या बसवल्या आणि गळती आटोक्यात आली. पुढे हीच व्यवस्था क्लचलाही मिळाली.

रबर आलं तशी नवी अडचण आली. खनिज तेलानं हे रबर फुगतं. म्हणून सुरुवातीला चक्क एरंडेलात अल्कोहोल मिसळून वापरत. लहानपणी नाक दाबून प्यायलेलं ते एरंडेल! नंतर ग्लायकॉलवर आधारलेले द्रव आले. आपण त्याला "ब्रेक ऑइल" म्हणतो खरं, पण ते पाण्यात विरघळतं आणि हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ३ प्रकाराचा उकळबिंदू ताजेपणी किमान २०५ अंश सेल्सिअस, आणि ओल धरल्यावर १४० पर्यंत उतरलेला चालतो. म्हणून ते ठरावीक काळाने बदलायचं.

हा सगळा इतिहास गेल्या पावसाळ्यात कामी आला. आमच्या घरच्या डिझेल गाडीचं पेडल खाली बसू लागलं, रिव्हर्स टाकताना कुरकुर व्हायला लागली आणि गिअरबॉक्सच्या खाली थेंब दिसले. एका ठिकाणी सांगितलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकून मोठ्या भावाने गाडी उद्यमनगरात एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. ते म्हणाले, "दादा, आधी काय गळतंय ते तर बघू, मग खोलू की!"

त्यांनी खालचा एक थेंब पाण्याच्या वाटीत टाकला. तरंगला असता तर इंजिनचं किंवा गिअरचं तेल. हा विरघळला, म्हणजे क्लचचं. मग टाकीतली पातळी पाहिली, ती उतरलेली होती. पातळी तशीच राहून पेडल बसत असतं, तर मास्टर सिलिंडरमधली वाटी आतल्या आत दाब सोडतेय असा संशय घेतला असता. नंतर वरून खाली तपास सुरू झाला. पेडलजवळचा दांडा आणि गालिचा कोरडा. स्लेव्ह सिलिंडरचं रबरी टोपण मागे सारलं, तेही आतून कोरडं. गळती होती वर, मास्टरजवळच्या नळीच्या जोडावर. तेल नळीच्या अंगावरून उतरत गिअरबॉक्सच्या खाली टपकत होतं. वाशावरच्या पाण्यासारखंच! जोड दुरुस्त झाला, नवं तेल भरलं, हवा काढली. गिअरबॉक्सला हातही लागला नाही.

कोल्हापूरला ही खोलून, समजून घेण्याची सवय जुनी आहे. बाबूराव पेंटर यांचं आडनावही मेस्त्रीच. त्यांनी इथेच स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा बनवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला.

आता मात्र काम अवघड होत चाललंय. बऱ्याच नव्या गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर क्लचच्या आवरणाच्या आत असतो. तो गळला तर बाहेरून दिसत नाही, आणि बदलायला गिअरबॉक्स खरोखरच उतरवावा लागतो. पूर्वी वायसर बदलून भागायचं, आता अख्खा भाग बदलतात. चूक कुणाची नाही, रचनाच तशी झाली. पण आतली गळती महाग झाली, म्हणून बाहेरची आधी नीट तपासणं अधिकच गरजेचं झालं. नाहीतर जोड गळायचा वर आणि बिल व्हायचं खालचं.

तेव्हा घरच्या मंडळींनो, गगनबावड्याचा घाट उतरायच्या आधी बॉनेट उघडून ती छोटी टाकी बघत जा. अनेक गाड्यांत ब्रेकचं आणि क्लचचं तेल एकाच टाकीतून जातं. पातळी उतरली असेल तर नुसतं वरून भरून निघू नका, ते तेल गेलं कुठं एवढं आधी विचारा.