चुकलेल्या तारखेमागून येणारी

एचआयव्हीच्या गोळ्या न्यायची तारीख चुकली की त्या देणाऱ्या एआरटी केंद्रातून आधी फोन जातो. फोन लागला नाही तर एखादी कार्यकर्ती घर शोधत येते. मुंबईतल्या पार्ले पश्चिमेच्या नेहरूनगरसारख्या दाट वस्तीत शिरताना तिच्या गळ्यात ओळखपत्र नसतं. दारात शेजारीण उभी असली तर ती दुसरंच काहीतरी काम सांगते आणि पुढे निघून जाते. केंद्रात तिला ‘ओआरडब्ल्यू’, म्हणजे आउटरीच वर्कर, म्हणतात. पुष्कळदा ती स्वतःही याच गोळ्या घेत असते. बराच काळ न फिरकलेल्या रुग्णापुढे कागदावर ‘एलएफयू’ (लॉस्ट टू फॉलो-अप) लागतं, आणि त्या तीन अक्षरांमागचा माणूस हुडकून परत आणणं हे तिचं काम.

आधी औषध आलं आणि मग ते नीट घेतलं जावं म्हणून हिची नेमणूक झाली, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. हिच्यासारखी माणसं आधी आली, औषध बऱ्याच वर्षांनी. आणि तिच्या घराण्यात दोन शाखा आहेत, एक पाळत ठेवणाऱ्यांची, दुसरी सोबत करणाऱ्यांची.

पहिली शाखा जुनी. मुंबईच्या एड्स नियंत्रण संस्थेचं कार्यालय वडाळ्याला अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालयाच्या आवारात आहे. पालिका आयुक्त अ‍ॅकवर्थ यांच्या पुढाकाराने 1890 मध्ये तिथे आश्रम उभा राहिला तो रस्त्यावरच्या कुष्ठरुग्णांना शहराच्या नजरेआड ठेवण्यासाठी. क्षयाच्या बाबतीतही आरोग्यधाम म्हणजे घरापासून दूर ठेवणंच होतं. या समजुतीला धक्का दिला 1959 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मद्रासच्या अभ्यासाने. गरिबांच्या गर्दीच्या घरांत राहून औषध घेणारे क्षयरोगी आरोग्यधामातल्या रुग्णांइतकेच बरे होतात आणि घरच्यांना त्यामुळे जास्त लागण होत नाही, हे त्यात दिसलं. पण घरी सोडलेला रुग्ण गोळ्या घेतो की नाही? म्हणून कर्मचारी न सांगता घरी जात, गोळ्या मोजत, लघवी तपासत. पुढे नव्वदच्या दशकात ‘डॉट्स’ आलं आणि गोळी कुणाच्या तरी डोळ्यांदेखत गिळायची हा नियमच झाला. दारात येणारा आता बेड्या घेऊन येत नव्हता, पण संशय घेऊन येत होता.

मद्रासच्या त्या निष्कर्षाला तीस वर्षं झाली असताना गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी उचललं. तारीख 14 फेब्रुवारी 1989. त्याने रक्तदान केलं होतं, त्या रक्तात एचआयव्ही सापडला होता. म्हापशाच्या, वापरात नसलेल्या क्षयरोग आरोग्यधामात त्याला 64 दिवस एकट्याला ठेवलं. त्याची आई लुसी डिसोझा मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे गेली, आनंद ग्रोव्हर यांनी बाजू लढवली. डॉमिनिक सुटला. पण डिसेंबर 1989 च्या निकालाने बाधितांना अलग ठेवण्याची कायद्यातली तरतूद मात्र उचलून धरली. सुटल्यावर नोकरीच्या जागी त्याला पूर्वीसारखं स्थान उरलं नाही. 1992 मध्ये त्याने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था काढली आणि त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत तो वारला. संस्था इझाबेल द सांता रिता वाझ आणि इतर मित्रांनी पुढे नेली.

इथे थांबून एक गोष्ट पाहायला हवी. डॉमिनिककडे वाटण्यासाठी एकही परिणामकारक गोळी नव्हती. त्याने संस्था काढली ती ‘मला झालंय, तुलाही झालंय, आपण भेटू’ एवढ्याच भांडवलावर. दुसरी शाखा इथून फुटते, निदान आपल्या भागात. जगात ती थोडी आधीची. न्यूयॉर्कमध्ये 1982 पासून समलिंगी पुरुषांच्या संघटनेने आजाऱ्याला सोबती नेमून दिले होते, युगांडात नोएरिन कालीबा यांनी 1987 मध्ये ‘तासो’ उभी केली होती.

मुंबईत, पार्ल्याच्या दक्षिणेला लागून असलेल्या सांताक्रूझ पूर्वेत, वाकोल्याला, महापालिकेच्या जुन्या इमारतीत ‘हमसफर ट्रस्ट’ने बस्तान बसवलं. स्थापना 1994 ची, अशोक राव कवी आणि सहकाऱ्यांची. समलिंगी संबंध तेव्हा गुन्हा होता आणि तो 2018 पर्यंत बहुतांश काळ गुन्हाच राहिला. अशा वेळी महापालिकेच्या जागेत समलिंगी पुरुषांना आणि तृतीयपंथीयांना एकत्र बसता येणं ही लहान गोष्ट नव्हती. तिथे जमणारे एकमेकांना ओळखायला लागले, आणि कोण बऱ्याच दिवसांत दिसला नाही याची चौकशी आपसूक होऊ लागली. 1997 मध्ये चेन्नईत बाधितांचं देशव्यापी नेटवर्क स्थापन झालं, पुढे पुण्यातून महाराष्ट्राचं. 1997 मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने, केवळ एचआयव्ही आहे म्हणून काम करू शकणाऱ्याला कामावरून काढता येणार नाही, असा निकाल दिला. अर्जदाराला स्वतःचं नाव लपवून लढण्याची मुभाही दिली.

मग औषध आलं. 2001 मध्ये मुंबईच्याच सिप्लाने तीन औषधांचा उपचार वर्षाला 350 डॉलरला देऊ केला. 1 एप्रिल 2004 पासून सरकारी रुग्णालयांतून मोफत एआरटी सुरू झालं, पहिल्या आठ रुग्णालयांत मुंबईचं जे. जे. होतं. पार्ल्याच्या माणसाला दादरला गाडी बदलून भायखळा गाठायचं, रोजंदारी बुडवायची, आणि हे आयुष्यभर. यात माणसं गळणारच होती. सरकारला तेव्हा नेटवर्कांची गरज पडली. 2013 मध्ये ‘विहान’ कार्यक्रमात ती रीतसर यंत्रणा झाली, देशभर आधार केंद्रं उघडली. बाधित माणसं मानधनावर बाधितांच्या घरी जाऊ लागली.

हा फेरा वाटून घ्यायला मोझांबिकमधल्या टेटे प्रांतात 2008 पासून जास्तीत जास्त सहा रुग्णांचे गट होते. दर महिन्याला एकाने जायचं, सगळ्यांच्या गोळ्या आणायच्या. आपल्याकडे एकमेकांच्या गोळ्या आणणं मोठ्या प्रमाणावर घडलं ते 2020 च्या टाळेबंदीत. लोकल बंद, केंद्र दूर. तेव्हा कार्यकर्त्यांनी आणि बाधितांनीच एकमेकांच्या दारी गोळ्या पोचवल्या.

पार्ल्यात सोबतीची वाण कधी नव्हती. लोकमान्य सेवा संघ 1923 चा आहे. इथे नाटकाला, व्याख्यानाला, वधूवर मेळाव्याला माणसं एकमेकांना धरून असतात. पण हीच ओळखपाळख या आजारात आडवी येते. रांगेत शाळेतल्या शिक्षिका दिसल्या तर, या भीतीने माणूस घराजवळचं रुग्णालय टाळून दोन गाड्या बदलून लांब जातो, डबीवरचा कागद सोलून टाकतो. म्हणून फक्त माणसांचं जाळं असून भागत नाही, ते रुग्णाने स्वतः निवडलेलं असावं लागतं. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने गुप्ततेचा हक्क दिला आहे, 10 सप्टेंबर 2018 पासून तो लागू आहे. पण गल्लीत तो पाळायचा भार त्या ओआरडब्ल्यूवरच पडतो.

तिचं काम मोजलं जातं ते किती एलएफयू शोधले यावर. या मोजणीने तिला जुन्या, पाळतीच्या शाखेकडे ओढलं जातं, आणि ती ओढ मला धोक्याची वाटते. गणपतीला कोकणात निघालेल्याच्या हाती जादा गोळ्या द्यायच्या, हे तिला सुचतं, कारण त्याचं गाव कुठलं हे तिला माहीत असतं. ही माहिती कुठल्याच तक्त्यात येत नाही. नाव नोंदवतानाच प्रत्येकाला विचारून केंद्राच्या नोंदीत लिहून घ्यायला हवं, की तारीख चुकली तर कुणी यायचं, कुठे भेटायचं आणि हाक कोणत्या नावाने मारायची.