भरती प्रक्रिया : मनुष्यबळ विभाग व विभागप्रमुख यांतील समन्वय

कंपनीत एखादे पद रिक्त झाले, की ते भरण्याची जबाबदारी दोघांवर येते. एक मनुष्यबळ विभागातील भरती अधिकारी आणि दुसरा, ज्याच्या हाताखाली नवा कर्मचारी काम करणार तो विभागप्रमुख. पहिल्याला नोकरीच्या बाजारपेठेची माहिती असते, दुसऱ्याला प्रत्यक्ष कामाची. या दोघांत मेळ नसेल, तर पद महिनोन्‌महिने रिकामे राहते आणि 'योग्य माणसेच मिळत नाहीत' असा निष्कर्ष निघतो. वास्तविक, कोणता माणूस हवा हेच अनेकदा ठरलेले नसते.

पहिली बैठक
जाहिरात देण्यापूर्वी दोघांनी अर्धा तास एकत्र बसणे आवश्यक आहे. समजा, चाकणमधील वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्याला गुणवत्ता अभियंता हवा आहे. विभागप्रमुख अनुभव, संगणक, उत्तम इंग्रजी, व्यवस्थापनाची पदविका अशी लांबलचक यादी देतो. यांतील कोणत्या गोष्टी पहिल्या दिवसापासून लागतील आणि कोणत्या सहा महिन्यांत शिकविता येतील, हे भरती अधिकाऱ्याने विचारले पाहिजे. ड्रॉइंग वाचणे व मोजमापाची उपकरणे हाताळणे अनिवार्य, बाकी इष्ट, अशी विभागणी लेखी झाली की अर्जांची छाननी नेमकी होते. देऊ केलेल्या पगारात असा उमेदवार मिळेल का, हेही याच बैठकीत स्पष्ट व्हावे.

मुलाखतीची पद्धत
फ्रँक श्मिट व जॉन हंटर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये निवडपद्धतींवरील ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण देणारी मुलाखत मोकळ्या गप्पांपेक्षा अधिक भरवशाची असल्याचे त्यात दिसले. पॉल सॅकेट व सहकाऱ्यांच्या २०२२ मधील फेरआढाव्यात तर अशी मुलाखत सर्व पद्धतींत अग्रस्थानी राहिली. त्यामुळे प्रश्न व निकष दोघांनी मिळून आधीच निश्चित करावेत. 'उमेदवार पसंत पडला नाही' एवढा शेरा पुरेसा नाही. कोणत्या निकषावर तो कमी पडला, हे कळले तरच पुढील शोध सुधारतो.

कालमर्यादा
अर्ज पाहून दोन दिवसांत आणि मुलाखतीनंतर एका दिवसात अभिप्राय, असा नियम दोघांनी आपसांत ठरवावा. आपल्याकडे अनेक माहिती तंत्रज्ञान कंपन्यांत नोटीस पीरियड ९० दिवसांपर्यंत असतो. निर्णयाला एक महिना लागला, तर नवा कर्मचारी रुजू होईपर्यंत चार महिने उलटतात. ऑफर लेटर स्वीकारल्यावरही या काळात उमेदवाराला दुसरीकडून बोलावणे येऊ शकते. अशा वेळी विभागप्रमुखाने स्वतः फोन करून कामाविषयी बोलणे उपयुक्त ठरते.

उमेदवाराचा विचार
या दोघांतील विसंवादाचा सर्वाधिक फटका तिसऱ्यालाच बसतो. रजा टाकून मुलाखतीला आलेला उमेदवार 'कळवितो' या शब्दावर आठवडेच्या आठवडे वाट पाहतो. नकार कोणी व किती दिवसांत कळवायचा, हेदेखील पहिल्याच बैठकीत ठरावे. भरती अधिकारी हा केवळ अर्ज पोहोचविणारा नव्हे आणि विभागप्रमुख हा केवळ परीक्षक नव्हे. निवड चुकली तर जबाबदारी दोघांची, हे मान्य झाले की समन्वयाची अर्धी वाट सरते.