कर्नल आणि कंपायलर : तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना

गेल्या विकांताला पुण्यात पावसाने झोडपलं. ट्रेक रद्द. मग काय, लॅपटॉप उघडला आणि लिनक्सचा कर्नल कंपाईल करत बसलो. आधी जीसीसीने, मग क्लँगने, मग नेहमीच्या 'ओ२' ऐवजी 'ओ३' लावून. तिन्ही कर्नल नीट बूट झाले. कुठला जास्त वेगवान? खरं सांगू, रोजच्या वापरात मला काडीचाही फरक कळला नाही :) शेवटी म्हटलं, ऑप्टिमायझेशन पूर्ण बंद करून बघू, म्हणजे 'ओ०'. तर बिल्डच पूर्ण होईना!

ज्यांचा या भानगडीशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सी भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम प्रोसेसरच्या भाषेत नेतो तो कंपायलर. 'ओ०' म्हणजे लिहिलंय तसंच उतरव. 'ओ२' म्हणजे अर्थ तोच ठेव, पण जरा डोकं लावून लिही. 'ओ३' म्हणजे वेगासाठी कोड फुगला तरी चालेल. कॉलेजपासून मला वाटायचं की ऑप्टिमायझेशन हा वरून घालायचा मसाला आहे. घातला तर चव येते, नाही घातला तरी पोट भरतं. कर्नलच्या बाबतीत हे साफ चूक आहे, आणि ते अगदी पहिल्या वर्षापासून.

१९९१ मधे लिनस टोरवाल्ड्सने हेलसिंकीत कर्नल लिहायला घेतला तेव्हा त्याच्या हाताशी रिचर्ड स्टॉलमनचा जीसीसी होता. १९८७ पासून सोर्ससकट मोकळा मिळणारा. त्या सुरुवातीच्या कर्नलच्या मुख्य फाईलमधे एक गमतीदार कॉमेंट आहे. कर्नल सुरू होताना पहिली प्रोसेस 'फोर्क' करून दुसरीला जन्म देते. त्या क्षणी दोघींचा स्टॅक एकच असतो. फोर्कला नेहमीसारखा फंक्शन कॉल केला तर परतीचा पत्ता त्या स्टॅकवर जाणार आणि एकीने लिहिलेलं दुसरी पुसणार. म्हणून फोर्क 'इनलाइन' हवं, म्हणजे कॉल न करता त्याचा कोड जागच्या जागी चिकटवायला हवा. आणि जीसीसी हे करणार ऑप्टिमायझेशन चालू असेल तरच. वेग राहिला बाजूला, कर्नल उभा राहणंच ऑप्टिमायझरच्या हातात!

आजच्या कर्नलमधेही असे प्रकार आहेत. काही ठिकाणी अस्तित्वातच नसलेल्या फंक्शनला मुद्दाम हाक मारलेली असते. बाकी सगळं बरोबर असेल तर ती ओळ कधीच चालणार नाही हे ऑप्टिमायझर ओळखतो आणि ती उडवून टाकतो. काही चुकलं असेल तर ओळ उरते आणि लिंकर बोंब मारतो. 'ओ०' असताना ओळी उडवायला कोणी नसतंच. माझा बिल्ड याच जातीच्या तक्रारींनी मेला होता.

एवढं अवलंबून राहिल्यावर भांडणं होणारच. २००० साली रेड हॅट लिनक्स ७ बरोबर 'जीसीसी २.९६' आला. ही आमची अधिकृत आवृत्ती नाही, असं जीसीसीच्या मंडळींना जाहीर करावं लागलं. कर्नलसाठी मात्र 'केजीसीसी' नावाने जुना कंपायलर वेगळा दिला होता. घरात नवा कुकर आला तरी आजीचं वरण जुन्याच पातेल्यात शिजतं ना, तसं.

पण खरा धक्का बसला जुलै २००९ मधे. कर्नल २.६.३० च्या 'टन' नावाच्या नेटवर्क ड्रायव्हरमधे कोणीतरी आधी पॉइंटर वापरला आणि पुढच्या ओळींत तो नल आहे का हे तपासलं. जीसीसीने विचार केला: पॉइंटर आधीच वापरलाय, म्हणजे तो नल नसणारच, मग तपासणी कशाला? उडवली. सी भाषेच्या नियमांप्रमाणे त्याचं काहीच चुकलं नव्हतं. पण हल्लेखोराने शून्य पत्त्यावर स्वतःची मेमरी मांडून ठेवली, तर पॉइंटर नल असूनही कर्नल क्रॅश न होता पुढे जात होता, तपासणीही गायब होती, आणि हल्लेखोराला थेट रूट मिळत होतं. ब्रॅड स्पेंगलरने हे करून दाखवलं. त्यानंतर अशा तपासण्या उडवू नकोस, हे कर्नलच्या मेकफाईलमधे कायमचं लिहिलं गेलं.

हे वाचताना मला माझी पहिली नोकरी आठवली. फक्त रिलीज बिल्डमधे येणारा एक क्रॅश होता. दोन दिवस मी कंपायलरला शिव्या घातल्या, मॅनेजरला तसा मेलही टाकला. मग शेजारच्या सीनियरने पाच मिनिटांत दाखवलं: एका व्हेरिएबलला मी सुरुवातीची किंमतच दिली नव्हती. "अरे, कंपायलरला दोष द्यायच्या आधी स्वतःचा कोड दहादा वाच," इतकंच बोलला. तो मेल आठवला की अजून कान गरम होतात.

अर्थात दर वेळी चूक आपलीच असते असंही नाही. २०१४ मधे जीसीसी ४.९.० ने शेड्युलरमधल्या एका फंक्शनचा असा कोड बनवला की स्टॅकच्या हद्दीबाहेर किंमत ठेवली जायची आणि इंटरप्ट आला की पुसली जाऊ शकायची. तेव्हा लिनसने वापरलेले शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. पण त्याने आधी असेंब्ली उघडून ओळ न ओळ वाचली होती. शिव्या मीही दिल्या, त्यानेही दिल्या. फरक एवढाच की त्याच्याकडे पुरावा होता!

मग आली दुसरी नजर. क्लँगने कर्नल बांधायचा म्हटल्यावर कळलं की इतकी वर्षं कर्नल सी भाषेत नाही, 'जीसीसीच्या सी'त लिहिला जात होता. स्ट्रक्चरच्या आत लांबी आधी न ठरलेले अ‍ॅरे जीसीसीला चालायचे, क्लँगला नाही. ते काढावे लागले. उलट कर्नलला हवी असलेली 'असेंब्ली गोटो' ही सोय क्लँगला शिकावी लागली. ती २०१९ मधे आली. मधल्या काळात, २०१७ मधे, गूगलचा पिक्सेल २ क्लँगने बांधलेला कर्नल घेऊन बाजारात आला होता.

एकाच कंपायलरबरोबर वर्षानुवर्षं राहिलं की आपण त्याच्या सवयींनाच नियम समजायला लागतो. म्हणून हल्ली मी ऑफिसचा कोडही दोन्ही कंपायलरनी बांधून बघतो. एकाला न दिसलेलं कधीकधी दुसऱ्याला खटकतं. आणि दोघांनाही काही खटकलं नाही, तरी मेल पाठवायच्या आधी मी अजून एकदा माझाच कोड वाचतो.

असो. पाऊस थांबलाय, पुढच्या विकांताला ट्रेक नक्की :)