किल्लेदाराचे गाव : शिरढोणची कुळकथा

पनवेलच्या दक्षिणेस पळस्पे फाट्यावर मुंबई–गोवा महामार्ग पुण्याच्या जुन्या रस्त्यापासून वेगळा होतो, आणि तेथून काही किलोमीटरवर, कर्नाळ्याच्या जंगलातील चढण लागण्यापूर्वी, शिरढोण लागते. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मस्थान, एवढीच या गावाची ओळख बहुधा सांगितली जाते. ती खरी असली तरी अपुरी आहे, कारण फडक्यांचे घराणे रायगड जिल्ह्यातील या लहानशा गावी कसे नांदत होते, याचे उत्तर गावात नसून त्याच्या पाठीशी असलेल्या डोंगरावर आणि त्या डोंगराखालून जाणाऱ्या वाटेवर आहे.

तो डोंगर म्हणजे कर्नाळा. सुमारे साडेचारशे मीटर उंचीच्या या किल्ल्याच्या माथ्यावर बेसाल्टचा, म्हणजे सह्याद्री ज्या काळ्या अग्निजन्य खडकाचा बनलेला आहे त्याच खडकाचा, सुमारे १२५ फूट उंच सुळका उभा आहे. अंगठ्यासारखा दिसणारा हा सुळका दूरवरून ओळखू येतो, आणि त्याच्या पायथ्याशी खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. किल्ल्याला महत्त्व आले ते मात्र त्याच्या उंचीमुळे किंवा विस्तारामुळे नव्हे, कारण दोन्ही बाबतींत तो बेताचाच आहे. देशावरून बोरघाट उतरून आलेला माल पनवेलच्या खाडीवर आणि पाताळगंगेकाठच्या आपटे बंदरावर जात असे, आणि या दोन्ही दिशांवर कर्नाळ्यावरून नजर ठेवता येई. ज्याच्या ताब्यात हा किल्ला, त्याला घाट आणि बंदर यांच्यामधल्या जकातीच्या वाटेवर वचक ठेवणे सोपे जात असे.

म्हणूनच हा किल्ला वारंवार हातोहात फिरला. १५४० मध्ये निजामशाहीने तो गुजरातच्या सुलतानाकडून घेतला, गुजरातच्या बाजूने वसईच्या पोर्तुगीजांना मदतीस बोलावले, आणि पोर्तुगीजांनी तो जिंकूनही अखेर वर्षाला पाच हजार सोन्याच्या परदावांच्या (परदाव हे त्या काळचे नाणे) बदल्यात निजामशहाला परत दिला. लढून घेतलेला किल्ला वार्षिक रकमेवर सोडून देण्याचा हा व्यवहार पाहता पोर्तुगीजांचा हिशेब चोख होता, असेच म्हणावे लागेल. पुढे शिवाजी महाराजांनी तो घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांत तो गेला आणि १६७० मध्ये स्वराज्यात परत आला.

पेशवाईच्या अखेरीस कर्नाळ्याचे किल्लेदार, म्हणजे किल्ल्यावरील शिबंदी, दारूगोळा आणि धान्याचे कोठार यांची जबाबदारी सांभाळणारे अधिकारी, अनंतराव फडके होते. १८१८ मध्ये इंग्रजांच्या कर्नल प्रॉथर याने उत्तर कोकणातील किल्ले एकामागून एक घेतले, त्यात कर्नाळाही पडला, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्याच प्रॉथरपुढे रायगडही उतरला. किल्ला गेला तेव्हा किल्लेदारीही गेली आणि पायथ्याचे शिरढोण हेच घराण्याचे ठिकाण राहिले. शिरढोणच्या फडके घराण्याची खरी कुळकथा येथे सुरू होते, कारण सत्तेच्या वास्तूतून उतरलेले एक कुटुंब गावातील घरात स्थिरावले, पण ज्या डोंगरावर त्याचा अधिकार चालत होता तो डोंगर दारातून दिसतच राहिला.

अनंतरावांचे नातू वासुदेव ४ नोव्हेंबर १८४५ रोजी शिरढोणला जन्मले. इंग्रजी शिक्षणानंतर पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यात कारकुनी करणाऱ्या या तरुणाने १८७६–७७ च्या दुष्काळात दख्खनची दैना पाहिली आणि १८७९ च्या फेब्रुवारीत रामोशी, कोळी आणि इतर साथीदारांच्या बळावर उठाव सुरू केला. आजोबांची हकिकत त्याला कितपत कारण झाली याविषयी चरित्रकार उत्साहाने लिहितात, परंतु दुष्काळ आणि सारावसुली ही कारणे त्याहून अधिक वजनदार आहेत, हे विसरता कामा नये.

या उठावाचा एक धागा मात्र थेट शिरढोणच्या परिसराला येऊन मिळतो. १८७९ च्या मे महिन्यात फडक्यांचा सहकारी दौलतराव नाईक याच्या टोळीने घाट उतरून पळस्पे आणि चिखली या पनवेलजवळच्या गावांवर दरोडे घातले. म्हणजे ज्या वाटेच्या रक्षणासाठी कर्नाळ्यावर किल्लेदार नेमला जाई, त्याच वाटेवर त्या किल्लेदाराच्या नातवाच्या माणसांनी इंग्रजी अंमलाला आव्हान दिले. परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीशी झालेल्या चकमकीत दौलतराव मारला गेला, आणि उठावाचा कणाच मोडला. जुलैत फडके पकडले गेले, पुण्यात चाललेल्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी यांनी घेतले, आणि जन्मठेपेची शिक्षा होऊन फडक्यांना एडनला धाडण्यात आले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचे तेथे निधन झाले. एडन तेव्हा मुंबई इलाख्याच्याच कारभारात होते, त्यामुळे समुद्रापार नेऊनही कागदोपत्री त्यांना इलाख्याबाहेर नेलेले नव्हते.

आज शिरढोणच्या खुणा म्हणजे फडक्यांचे जन्मघर आणि त्यांचे स्मारक. १९८४ मध्ये टपाल खात्याने फडक्यांवर तिकीट काढले आणि पनवेलच्या नाट्यगृहालाही त्यांचेच नाव आहे. कर्नाळ्याचे जंगल १९६८ मध्ये पक्षी अभयारण्य झाले, राज्यातील ते पहिलेच. आणि महामार्गावरून येणारे बहुतेक पर्यटक पक्ष्यांसाठी आणि सुळक्यासाठी थांबतात, किल्लेदाराच्या गावासाठी फार थोडे.