तुम्ही पाहिलेला ‘शोले’ नेमका कोणता?

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

1992 च्या आसपास औशात आमच्या गल्लीत एक भांडण झालं होतं आणि ते माझ्यामुळं झालं होतं. सुट्टीत लातूरला आतेभावाकडं व्हिडिओवर ‘शोले’ पाहून आलो आणि गल्लीत सांगितलं की शेवटी ठाकूर गब्बरला पायानं मारून टाकतो. पोरं खो-खो हसली. शेवटी पोलिस येतात हे सगळ्या गावाला माहीत होतं. दोन रुपयांची पैज लागली. निवाड्याला अण्णांकडं गेलो. अण्णांनी हा पिक्चर थिएटरात आणि जत्रेतल्या तंबूत मिळून चार वेळा पाहिलेला. ते पेपर खाली न करता म्हणाले, "थापा मारू नको. पोलिस येतात." दोन रुपये गेले ते गेलेच, वर ‘थापाड्या’ हे नाव दोन वर्षं चिकटलं. (पुढं पत्रकार झालो, तेव्हा काही मित्रांना ते नाव पुन्हा आठवलं, ही गोष्ट वेगळी.)

मी थापा मारत नव्हतो आणि अण्णाही चुकले नव्हते. आम्ही दोघांनी वेगवेगळा ‘शोले’ पाहिला होता.

25 जून 1975 ला आणीबाणी लागली. त्यानंतर 51 दिवसांनी, 15 ऑगस्टला ‘शोले’ लागला. तेव्हा औसा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, लातूर जिल्हा 1982 साली झाला. राज्याचे मुख्यमंत्री आपल्या नांदेडचे शंकरराव चव्हाण होते. पण सेन्सॉर केंद्राचं, आणि तिथं पिक्चर अडकला. रमेश सिप्पींनी चित्रित केलेल्या शेवटात ठाकूर खिळे ठोकलेल्या बुटांनी गब्बरला मारतो आणि मग स्वतःच ढसाढसा रडतो. सेन्सॉरचं म्हणणं असं की माजी पोलिस अधिकारी कायदा हातात घेतो, हे दाखवता येणार नाही. संजीव कुमार तेव्हा रशियात होते. त्यांना बोलावून घेतलं, पुन्हा रामनगरच्या खडकांत जाऊन शेवट नव्यानं चित्रित केला आणि त्यात पोलिस आले. देशात लोकांना विनाचौकशी तुरुंगात टाकलं जात होतं आणि सरकार पडद्यावरच्या ठाकूरला कायद्याचं राज्य शिकवत होतं! कात्री एवढ्यावर थांबली नाही. आपल्या सचिन पिळगावकरांनी केलेल्या अहमदचा मृत्यूही आपण कधी नीट पाहिला नाही. गब्बर हातावरची मुंगी चिरडतो आणि पुढं घोड्यावरून प्रेतच गावात येतं.

पुढची 15 वर्षं सगळ्यांनी पोलिसवालाच ‘शोले’ पाहिला. 1990 साली इंग्लंडमध्ये व्हिडिओ कॅसेट निघाली, तिच्यात मूळ शेवट होता. तिच्या कॉपीची कॉपी, तिची पुन्हा कॉपी, असं होत होत ती माझ्या आतेभावापर्यंत आली असणार. पुढं डीव्हीडी आल्या त्याही दोन, एक 198 मिनिटांची आणि एक 204 मिनिटांची. दुकानदाराला फरक विचारला तर तो म्हणायचा, घ्या ना, दोन्ही ओरिजिनल आहेत!

आता आवाजाचं बोलू, कारण त्याच्याबद्दल कुणी भांडत नाही. पिक्चर 35 एमएमवर चित्रित करून 70 एमएमवर मोठा केला होता. मोठ्या शहरांतल्या मोजक्या थिएटरांत सहा ट्रॅकचा स्टीरिओ आवाज होता. जयनं नाणं उडवलं की ते आपल्याच खुर्चीखाली पडलं असं वाटून लोक खाली वाकून बघायचे, असं सांगतात. मुंबईच्या मिनर्व्हात तर पहिल्या खास खेळाला 70 एमएमची प्रत वेळेवर पोचलीच नाही, तिथंही 35 एमएमच लावावी लागली. त्या आवाजाची जुळवाजुळव, म्हणजे री-रेकॉर्डिंग, राजकमलच्या मंगेश देसाईंनी केली होती.

आपल्याकडं मात्र मोनो. फिल्मच्या कडेला आवाजाची एक बारीक रेघ आणि तंबूच्या बांबूला बांधलेला एक कर्णा. नाणं, घोडा, बंदूक, बसंतीचा टांगा, सगळं त्या एका कर्ण्यातून. त्यातही एक गंमत आहे. फिल्मवर चित्र आणि त्याचा आवाज शेजारी-शेजारी नसतात. प्रोजेक्टरच्या रचनेमुळं आवाज सुमारे 20 चौकटी पुढं छापलेला असतो, आणि सेकंदाला 24 चौकटी जातात. म्हणजे फिल्म तुटली, ऑपरेटरनं फाटका तुकडा कापून जोड मारला, की एका जागचं चित्र जायचं आणि त्याच्या जवळपास सेकंदभर पुढचा आवाज जायचा. आम्ही लेकरं तेच कापलेले तुकडे गोळा करून बल्ब आणि भिंगासमोर धरून भिंतीवर सिनेमा दाखवायचो. म्हणजे तालुक्याच्या गावात येईपर्यंत ‘शोले’ आधी सेन्सॉरनं कापलेला, मग दहा ऑपरेटरांनी कापलेला, आणि त्यातला थोडा आमच्या चड्डीच्या खिशात.

तरी सगळ्यांना संवाद अक्षरशः पाठ होते, कारण संवादांची वेगळी रेकॉर्ड निघाली होती. पुढं तिच्या कॅसेट आल्या. पानटपरी, लग्नाचा मांडव, गणपती, सगळीकडं गब्बर. गाण्यांच्या रेकॉर्डवर तर एक अशी कव्वाली आहे जी पिक्चरमध्ये नाहीच. 2014 ला थ्रीडी ‘शोले’ आला, त्याचा आवाजही पुन्हा नव्यानं केलेला. तो मला तरी परका वाटला.

एका माणसाबद्दल सांगायलाच पाहिजे. ‘शोले’चे संकलक एम. एस. शिंदे. तीन लाख फुटांच्या आसपास फिल्ममधून हा पिक्चर त्यांनी काढला. फिल्मफेअरची नऊ नामांकनं होती, मिळालं एकच, ते शिंदेंना. हा माणूस शेवटची वर्षं धारावीतल्या छोट्या खोलीत राहिला आणि 2012 ला गेला. ‘शोले’च्या कमाईवर आजवर किती लेख आले! शिंदेंवर किती आले, मोजून सांगा.

आता ताजी गोष्ट. मूळ निगेटिव्ह इतकी खराब झाली होती की तिच्यावरून काम होईना, आणि 70 एमएमची एकही प्रत उरली नव्हती. इंग्लंडमधल्या एका गोदामात ठेवलेलं जुनं साहित्य हाती लागलं. त्यावरून फिल्म हेरिटेज फाउंडेशन आणि सिप्पी फिल्म्सनी पिक्चर पुन्हा उभा केला. 27 जून 2025 ला इटलीत बोलोन्याच्या चौकात तो दाखवला आणि 12 डिसेंबरला आपल्याकडं लागला. मूळ शेवटासह, सुमारे 209 मिनिटांचा. त्याच्या तीनच आठवडे आधी धर्मेंद्र गेले.

मी अण्णांना घेऊन लातूरला गेलो. मनात 33 वर्षांची दोन रुपयांची वसुली होती. ठाकूरनं गब्बरला संपवलं, मी अण्णांकडं बघितलं. ते शांत. बाहेर आल्यावर चहा पिताना म्हणाले, "आवाज लई भारी होता. पण पोलिसांना काहून काढलं रे?"

मी हसलो खरा, पण परतीच्या एसटीत तोच प्रश्न डोक्यात राहिला. नवी प्रत चांगलीच आहे, दिग्दर्शकाला त्याचा शेवट पन्नास वर्षांनी मिळाला याचा आनंद आहे. पण तिला ‘खरा शोले’ म्हणून जुना गुंडाळून ठेवायला माझा विरोध आहे. पोलिसवाला शेवट हा आणीबाणीचा कागदपत्रासारखा पुरावा आहे. सरकार गोष्टीचा शेवट कसा बदलायला लावतं, ते दाखवायला त्याच्याइतकं सोपं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही. आणि कोट्यवधी लोकांची आठवण त्याच शेवटाची आहे. दोन्ही प्रती जपल्या पाहिजेत, कोणती कधीची ते स्पष्ट लिहून. नाहीतर काय होतं ते फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’त दिसतं. चारपैकी दोनच रिळं उरलीत आणि तीही 1913 ची नसून 1917 ला पुन्हा केलेल्या पिक्चरची आहेत, असं काही अभ्यासक म्हणतात.

म्हणून एक विनंती. औसा, निलंगा, उदगीर, लोहा, कंधार, कुठंही तंबू किंवा जुनं थिएटर चालवलेल्या घरात माळ्यावर रिळांचे डबे, संवादांच्या कॅसेट, पोस्टर, तिकिटांची पुस्तकं पडली असतील, तर भंगारात घालू नका. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर समजा फिल्म सडायला लागली आहे. तो डबा बाकीच्यांपासून लांब, थंड आणि कोरड्या जागी ठेवा, कारण ते बाकीच्या डब्यांनाही लागतं. आणि मला इनबॉक्स करा, मी स्वतः येऊन बघतो.

कमेंटमध्ये एवढंच सांगा: तुमच्या ‘शोले’त पोलिस आले होते का?