टिपणांचें अनुसंधान

जुन्या कागदपत्रांचा संग्रह करणाऱ्यांची नेहमींची तक्रार अशी कीं, कागद मिळत नाहींत. आमचा अनुभव थोडा निराळा आहे. मिळालेले कागद, उतरून घेतलेल्या नकला आणि वाचतांना केलेलीं टिपणें हीं एकमेकांस जोडलेलीं नसल्यामुळें जेवढें ज्ञान वायां जातें, तेवढें वाळवीनें व कसरीनेंही जात नसेल. कागद फडताळांत असतो, त्याचा दुसऱ्या कागदाशीं असलेला संबंध मात्र संग्राहकाच्या डोक्यांत असतो. आणि संग्राहक गेला कीं तो संबंधही जातो. प्रस्तुत लेखांत या संबंधाचा, म्हणजे टिपणांच्या परस्पर जोडणीचा, विचार करावयाचा आहे.

अलीकडे संगणकावर टिपणें एकमेकांस जोडून ठेवण्याचीं अनेक साधनें निघालीं आहेत, व विद्यार्थी, लेखक आणि संगणकाचे कार्यक्रम लिहिणारे तरुण त्यांचा पुष्कळ उपयोग करितात. या मंडळींच्या बोलण्यांत निकलस लूमान (१९२७–१९९८) या जर्मन समाजशास्त्रज्ञाचें नांव वारंवार येतें. त्याच्या कपाटांत सुमारें ९०,००० चिठ्ठ्या होत्या. प्रत्येक चिठ्ठीस एकदां दिलेला क्रमांक कायमचा. मधें नवा विचार घालावयाचा झाल्यास क्रमांकास अक्षर व पुनः अंक जोडून फांटा काढावयाचा. आणि संबंध असेल तेथें दुसऱ्या चिठ्ठीचा क्रमांक लिहून ठेवावयाचा. आपलें कपाट आपल्याशीं संवाद करितें, असें प्रतिपादन त्यानें १९८१ सालच्या एका निबंधांत केलें. ही विद्या तेथेंच जन्मली असा कित्येकांचा समज दिसतो. श्रेयाचा वाद घालण्याची आमची इच्छा नाहीं. आमचा प्रश्न एवढाच कीं, एक टिपण दुसऱ्यास जोडितांना तो दोर नेमका कशास बांधावा? टिपण जेथें ठेविलें त्या जागेस, कीं टिपणांतील वस्तूस?

या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास आम्हांस फार दूर जावें लागत नाहीं. आमचें अलोरे गांव चिपळूण तालुक्यांत आहे, आणि महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचा जन्म याच तालुक्यांत परशुराम क्षेत्राच्या परिसरांत ७ मे १८८० रोजीं झाला. वडील दापोलीस वकिली करीत. काणे प्रथम शिक्षक झाले, पुढें मुंबईच्या हायकोर्टांत वकील. सन १९२६ मध्यें त्यांनीं संपादिलेला नीलकंठभट्टांचा 'व्यवहारमयूख' प्रसिद्ध झाला. त्यास धर्मशास्त्राच्या इतिहासाची प्रस्तावना जोडावी, एवढाच मूळचा संकल्प. परंतु प्रस्तावना पुस्तकांत मावेना. मग 'धर्मशास्त्राचा इतिहास' या नांवानें इंग्रजींत पहिला खंड १९३० सालीं, दुसरा १९४१, तिसरा १९४६, चौथा १९५३, आणि पांचवा १९५८ व १९६२ अशा दोन भागांत, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें प्रसिद्ध केला. एकंदर पृष्ठें साडेसहा हजारांवर. 'साहित्यदर्पणा'च्या बाबतींतही हेंच घडलें होतें. त्या पाठ्यग्रंथाची प्रस्तावना वाढत वाढत १९५१ सालीं संस्कृत साहित्यशास्त्राच्या इतिहासाचा स्वतंत्र ग्रंथ होऊन बसली. दोनदां एकाच माणसाच्या प्रस्तावनेचा ग्रंथ होणें हा योगायोग आम्हांस वाटत नाहीं. ज्याचीं टिपणें एकमेकांस धरून असतात, त्याचें लिखाण असेंच वाढतें.

त्यांनीं घरीं टिपणें कशा वह्यांत ठेविलीं याच्या आख्यायिकांत शिरण्याचें कारण नाहीं. छापलेलें पृष्ठच साक्ष देतें. तळटीपांना खंडभर सलग क्रमांक आहेत, म्हणून टीपेस स्वतःचा पत्ता आहे. टीपेंत मूळ वचन असतें, तें कोणत्या ग्रंथाच्या कोणत्या अध्यायांतील तें असतें, पुढें तेंच वचन कोणकोणत्या निबंधकारांनीं घेतलें तें असतें, आणि शेवटीं पुष्कळदां आपल्याच ग्रंथांतील दुसऱ्या स्थळाचा निर्देश असतो. दत्तकाचा विचार तिसऱ्या खंडांत व्यवहाराच्या प्रकरणीं आला, श्राद्धाचा चौथ्या खंडांत. परंतु पिंड कोणीं कोणास द्यावा हा प्रश्न दोहोंकडे आहे. ग्रंथांत विषय एका जागीं बसवावा लागतो. संबंध मात्र अनेक जागीं असतात, व ते टीपेनेंच दाखवावे लागतात. नजीर दाखविल्याशिवाय विधान करावयाचें नाहीं ही वकिलाची संवय येथें शास्त्र्याच्या कामीं आली, असें आमचें मत आहे. पोथ्यांच्या संग्राहकांस तर पहिल्या खंडाच्या शेवटीं दिलेली धर्मशास्त्रीय ग्रंथांची अकारविल्हे यादी परिचित असेलच. हातीं आलेल्या निनांवी पोथीचें कुळ शोधण्यास आम्हांस तिचा किती उपयोग झाला हें सांगण्यास जागा पुरणार नाहीं.

पण याच थोर ग्रंथांत जोडणी कोठें तुटते तेंही पाहण्यासारखें आहे. पहिल्या खंडाची सुधारून वाढविलेली आवृत्ति दोन भागांत निघाली. पहिला भाग १९६८ सालीं, व दुसरा काणे १९७२ सालीं निवर्तल्यावर १९७५ सालीं. मधल्या खंडांत जेथें पहिल्या खंडाचें अमुक पृष्ठ पाहावें असें लिहिलें आहे, तें पृष्ठ अर्थात् १९३० सालच्या आवृत्तीचें. वाचकाजवळ नवी आवृत्ति असली कीं निर्देश भलत्याच जागीं नेऊन सोडतो. आम्हीं अशा शोधांत कित्येक संध्याकाळ घालविले आहेत. याउलट जेथें मनूचा वा याज्ञवल्क्याचा अध्याय-श्लोक दिला आहे, तेथें कोणतीही आवृत्ति घ्यावी, फार तर श्लोक-दोन श्लोकांचा फरक पडतो, पण वचन सांपडतें. पृष्ठ ही कागदाची जागा. अध्याय-श्लोक हें ग्रंथाचें अंग. दोर अंगास बांधला तर टिकतो.

आपल्या जुन्या टीकाकारांस हें पक्कें ठाऊक होतें. पोथीचा पत्रांक लेखकागणिक बदलतो, म्हणून पत्रांकाचा निर्देश त्यांच्या उपयोगाचा नव्हता. ते मूळ वाक्याचे आरंभींचे एकदोन शब्द घेत व पुढें व्याख्या करीत. यास प्रतीक म्हणतात. पत्रांक एका पोथीपुरता, प्रतीक सर्व पोथ्यांस लागू. पाठांतर असलेल्या समाजांत तर दोन शब्द उच्चारतांच सबंध वाक्य उभें राही, व शोधण्याचे श्रमही उरत नसत.

पाणिनीची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. त्याचीं सुमारें चार हजार सूत्रें म्हणजे एकमेकांस जोडलेलीं टिपणेंच. सहाव्या अध्यायाच्या पहिल्या पादांतील ७७ वें सूत्र, पुढें स्वर असतां इ, उ, ऋ, ऌ यांच्या जागीं य्, व्, र्, ल् होतात असें सांगतें. त्यापुढील ७८ वें सूत्र ए, ओ इत्यादिकांचे आदेश सांगतें. परंतु 'पुढें स्वर असतां' हा अंश तेथें पुनः लिहिलेला नाहीं. तो मागील सूत्रांतून येतो. हीच अनुवृत्ति. स्वरांस 'अच्' हें जें नांव आहे, तें चौदा माहेश्वर सूत्रांतून सिद्ध होतें. नांव घेतलें कीं सबंध यादी उघडते. म्हणजे पाणिनीनें दोन्ही प्रकारचे दोर वापरले: प्रत्याहार व संज्ञा हे नांवाचे दोर, अनुवृत्ति हा जागेचा दोर. म्हणूनच अष्टाध्यायींतील एखादें सूत्र उचलून दुसरीकडे ठेवितां येत नाहीं. ठेवल्यास त्याच्या शेजाऱ्यांचाही अर्थ बिघडतो. जागेवर इतका भार घालणें त्यास परवडलें, कारण सूत्रपाठाचा क्रम मुखोद्गत करण्याची परंपरा पाठीशीं होती. आमच्या-तुमच्या चिठ्ठ्यांस ती नाहीं.

येथें थोडें विषयांतर करावें लागतें. पाणिनीनें संगणक शोधून काढला होता, अशा बढाया हल्लीं सभांतून ऐकूं येतात. खरी गोष्ट लहान आहे, पण अभिमान वाटावा अशीच आहे. संगणकाच्या भाषांचें व्याकरण लिहिण्याची जी बॅकस यांच्या नांवानें ओळखली जाणारी पद्धति, तिच्या नांवांत पाणिनीचेंही नांव असावें अशी सूचना इंगरमन या गृहस्थांनीं १९६७ सालीं एका पत्रांत केली. नियम लिहिण्याच्या रीतींत साम्य आहे, एवढेंच तिचें तात्पर्य.

मात्र आमचा जो प्रश्न, तो कार्यक्रम लिहिणाऱ्यांसही पडला होता, हें आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आम्हांस दाखविलें. सन १९६४ मध्यें डार्टमथ येथें निघालेल्या बेसिक या भाषेंत प्रत्येक ओळीस क्रमांक असे, व 'अमुक क्रमांकाच्या ओळीकडे जा' अशी आज्ञा देत. मधें नवी ओळ घालतां यावी म्हणून लोक १०, २०, ३० असे अंतर सोडून क्रमांक देत. तरी जागा संपेच. लूमानच्या फांट्यांचें कारणही हेंच. पुढें तुकड्यास ओळीच्या क्रमांकाऐवजीं नांव देऊन त्या नांवानें बोलावण्याची रीत रूढ झाली. डोनाल्ड नूथ यांनीं १९८४ सालीं आणखी एक पाऊल टाकिलें: कार्यक्रम व त्याचें विवरण एकाच निबंधांत, लहान प्रकरणें पाडून व तीं परस्परांस जोडून लिहावीं, म्हणजे काय केलें याबरोबर कां केलें हेंही वाचकास कळावें. मूळ व टीका एका पत्रावर लिहिलेली पोथी ज्यानें पाहिली आहे, त्यास यांत नवल वाटणार नाहीं.

हें 'कां' फार महत्त्वाचें आहे. डेक्कन कॉलेजांतील संस्कृत महाकोशाचें काम १९४८ सालीं सुरू झालें. सुमारें १,५०० ग्रंथांतून जवळजवळ एक कोटि चिठ्ठ्या तेथें जमविल्या, व पहिला खंड १९७६ सालीं आला. त्या चिठ्ठ्या अकारविल्हे आहेत. शब्द शोधण्यास याहून उत्तम व्यवस्था नाहीं. पण दोन चिठ्ठ्यांत नातें काय हें चिठ्ठी सांगत नाहीं, तें काम संपादकाचें. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठीं डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांच्या देखरेखीखालीं जीं पाठभेदपत्रकें भरलीं, त्यांची मांडणी आम्हांस अधिक बोधप्रद वाटते. एका पत्रकावर एक श्लोक; उभ्या-आडव्या रेघा आंखलेल्या; प्रत्येक पोथीचा भेद अक्षरशः मूळच्या अक्षराखालीं; आणि उजव्या अंगास चार इंच रुंदीचा रकाना शेऱ्यासाठीं राखलेला. चार इंच! कागद जपून वापरणाऱ्या मंडळींनीं एवढी जागा कोरी कां ठेविली असावी, याचा विचार प्रत्येक टिपणकारानें करावा.

मराठी पत्रांस तर या शेऱ्यावांचून गतीच नाहीं. पत्रावर 'छ' घालून चंद्र व महिना असतो, वर्ष बहुधा नसतें. तें पत्र कोणत्या पत्राचें उत्तर, त्यांतील स्वारी दुसऱ्या कोणत्या पत्रांत आली, हें जुळल्यावरच त्यास वर्ष मिळतें. मूळचे गुहागरचे वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४) मिरजेच्या हायस्कुलांत संस्कृत शिकवीत. त्यांनीं पटवर्धनी दप्तरांतील पत्रें १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रहां'त छापलीं, तीं कालक्रमानें लावून व प्रकरणाच्या आरंभीं पूर्वापर संबंध सांगून. सरदेसायांनीं १९३० ते १९३४ या अवधींत पेशवे दप्तराचे ४५ भाग विषयवार काढिले. दोन्ही रीतींस आपापलें कारण आहे. विषयवार मांडणींत दोन विषयांचें पत्र एकाच भागांत बसतें. दुसऱ्या भागांत त्याचा नुसता निर्देश असला तरी वाचकाचे दिवस वांचतात. येथें अलोऱ्यास आम्ही रोज पाहतों कीं, पोफळीच्या वीजगृहांतून सुटलेलें कोयनेचें पाणी कोळकेवाडीस अडवून पुनः विजेच्या कामीं लावितात. एका कागदाचेंही असेंच दोनदां काम व्हावें.

आतां आमची स्वतःची चूक सांगतों, कारण तिच्यासाठींच हा लेख लिहावयास घेतला. सुमारें वीस वर्षांपूर्वीं वाशिष्ठीच्या खाडीकडील एका घरीं आम्हांस एक बाड पाहावयास मिळालें. त्यांत तरीच्या उत्पन्नाविषयींचें एक पत्र होतें. तें आम्हीं उतरून घेतलें. चिठ्ठीवर लिहिलें तें असें: माजघरांतील फडताळ, वरून दुसरा रुमाल, मधलें बाड, छ ११ सफर. आणि खालीं, 'महत्त्वाचें'. पत्र कोणीं कोणास लिहिलें हें नकलेंत मायना गाळल्यामुळें आलें नाहीं. तेव्हां तें आम्हांस पाठ होतें, म्हणून लिहावेंसें वाटलें नाहीं. पुढें त्या घराची वांटणी झाली, फडताळ मोडलें, रुमाल सुटले व कागद चार ठिकाणीं गेले. आज आमच्याजवळ नकल आहे, पण ती कशाची हें सांगतां येत नाहीं. आणि तें पत्र कां महत्त्वाचें वाटलें होतें, हें तर मुळींच आठवत नाहीं. अशी नकल मंडळापुढें पुरावा म्हणून ठेवण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं.

तेव्हांपासून आमच्या चिठ्ठीवर आधीं पत्राचा लेखक, ज्यास लिहिलें तो, व मित्ती जशीच्या तशी येते. मग मायन्यानंतरचे पहिले चारपांच शब्द प्रतीक म्हणून. मग हें दुसऱ्या कोणत्या कागदास कां जोडावयाचें तें एका वाक्यांत. फडताळ व रुमाल सर्वांत शेवटीं, आणि तेंही तारीख घालून. आमच्या विद्यार्थ्यानें यांतील कांहीं चिठ्ठ्या संगणकावर चढविल्या आहेत. एका नांवावर बोट ठेविलें कीं त्या नांवाच्या सर्व चिठ्ठ्या पुढें येतात. सोय मोठी आहे. मात्र ज्या चिठ्ठीवर आम्हीं कारण लिहिलें नव्हतें, तिजवर तें संगणकासही लिहितां आलें नाहीं.

वरील बाडाचें वर्णन जेवढें आठवतें तेवढें देतों. आंखूड बाजूस शिवलेलें, सुमारें तीस पत्रांचें. आरंभींचीं दोन पत्रें वाळवीनें खाल्लेलीं. अक्षर मोडी व एकाच हातचें, शेवटचीं तीन पत्रें मात्र बाळबोध. त्या बाळबोध पत्रांत काढ्यांची यादी व एक ग्रहणाचें कोष्टक. तरीचें पत्र मध्याच्या थोडें पुढें, डाव्या पानावर. असें बाड कोणा सभासदाच्या संग्रहीं आलें असल्यास त्यांनीं मंडळाकडे कळवावें. आम्ही आपली नकल घेऊन पडताळणीस येऊं.