कपाची जात आणि पावाची भट्टी

पनवेलात जुनं, चांगलं खायला कुठं मिळतं, असं कुणालाही विचारा. दहा माणसं दहा ठिकाणं सांगतील. कुणी पळस्पे फाट्यावरच्या दत्त स्नॅक्सची कोथिंबीर वडी सांगेल, कुणी बाजारातली मिसळ, कुणी मोहल्ल्यातल्या भट्टीचा कडक पाव. सगळे चवीचं सांगतात. तिथं बसायची मुभा कुणाला होती, कप कुणी विसळायचा, पैसे हातात घेतले जायचे की फळीवर ठेवायला लावायचे, हे कुणी सांगत नाही. गावाच्या खाण्याचा इतिहास म्हणून जे छापलं जातं त्यात तिखटमिठाचा हिशोब असतो, माणसांचा नसतो. तो आपणच लिहायला हवा. म्हणून हा कागद.

पनवेल म्हणजे वाटसरूंचं गाव. खाडीचं बंदर, भाताचा आणि मिठाचा व्यापार, बैलगाड्यांची रांग. मुंबईकडून आलेला रस्ता इथं फुटतो. एक घाट चढून पुण्याला जातो, दुसरा कोकण उतरून गोव्याला. 1852 साली इथं नगरपालिका झाली. देशातल्या जुन्यात जुन्या नगरपालिकांत तिची गणना होते. बेने इस्रायली लोकांचं बेथ एल सिनेगॉग 1849 चं. धूतपापेश्वरचा औषधांचा कारखाना 1872 चा. म्हणजे ब्राह्मण, मुसलमान, यहुदी, गुजराती, आगरी, कोळी, सगळे इथं होतेच. आणि आम्हीही होतो. गावाच्या कडेला होतो, पण होतो. बंदरावर पोती आमच्या पाठीवरून उतरत होती.

वाटसरू आला की त्याला भूक लागते, तहान लागते. म्हणून गावात चहाची हॉटेलं निघाली. हॉटेल म्हणजे काय? चार बाकडी, एक भट्टी, एक किटली, काचेच्या बरणीत शेव. पण हे उघडं दुकान सगळ्यांना उघडं नव्हतं. कोकणात आणि घाटावर, दोन्हीकडे रीत एकच. आपल्या माणसानं आत यायचं नाही. बाहेर वळचणीला खिळ्याला किंवा कोनाड्यात त्याचा कप वेगळा. कान तुटलेला, टवका उडालेला. कुठं कप नसेल तर करवंटी. आपणच तो काढायचा, आपणच विसळायचा, खाली धरायचा. वरून चहा पडायचा. पिऊन झाला की पुन्हा विसळून खिळ्याला. पैसे फळीवर. मालक त्यावर पाणी शिंपडून उचलणार. चांदीच्या रुपयाला विटाळ पाण्यानं जातो आणि माणसाचा जात नाही, हे शास्त्र कुणी लिहिलं त्याला शोधायला पाहिजे.

आमचा बा भातगिरणीवर हमाल होता. तो सांगायचा, दिवसभर पोती वाहून झाल्यावर चहा प्यायला जायचं तर पोटापेक्षा मानेला जास्त त्रास. कारण वर बघत ओंजळ धरायची. "चहा गोड असायचा रे," म्हणायचा, "पन गिळताना कडू लागायचा." ज्या हॉटेलातून तो चहा प्यायचा त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. नाव एकाचं लिहिलं तर बाकीचे सुटतील. ती एका हॉटेलाची रीत नव्हती, सगळ्या बाजाराची होती.

या रीतीतून मोठमोठ्यांचीही सुटका नव्हती. आपल्या वस्त्यांतून एक गोष्ट तोंडोतोंडी चालत आलीय. सांगणाऱ्याप्रमाणे तिचा तपशील हलतो, गाभा हलत नाही. बाबासाहेब कोकणात जाताना पनवेलला थांबले. तहान लागली होती. हॉटेलवाल्यानं चहा सोडाच, पाणीही दिलं नाही. तिथं सोनबा येलवे नावाचा आपला एक कष्टकरी माणूस होता. तो पाणी आणायला धावत घरी गेला. पाणी घेऊन येतो तर गाडी निघून गेलेली. त्या दिवसापासून सोनबा रोज माठ भरून रस्त्याच्या कडेला बसू लागला. बाबासाहेब पुन्हा या वाटेनं येतील, तेव्हा त्यांना पाणी मिळालं पाहिजे. मरेस्तोवर बसला, असं सांगतात. ज्या माणसानं देशाचं संविधान लिहिण्याचं काम केलं त्याला पनवेलच्या बाजारात एक पेला पाणी मिळालं नाही. आणि ज्याच्याकडे काही नव्हतं तो माठ घेऊन बसला. पनवेलच्या खाण्यापिण्याचा इतिहास लिहायचा तर सुरुवात त्या माठापासून करावी लागेल.

महाडचं तर छापील आहे. मार्च 1927 च्या परिषदेला पिण्याचं पाणी चाळीस रुपये मोजून विकत घ्यावं लागलं. 20 मार्चला चवदार तळ्यावर पाणी प्यायलं गेलं आणि मग मंडपात जेवणाऱ्या लोकांवर लाठ्या पडल्या, अन्न मातीत कालवलं. कितीकांनी मुसलमानांच्या घरात आसरा घेतला. डिसेंबरच्या परिषदेला गावातला व्यापारी जिन्नस विकेना, बाहेरून आणावा लागला. मंडपाला जागा दिली तीही एका मुसलमानानं. अन्न, पाणी, जागा. तिन्ही गोष्टी बाजारात विकत मिळतात असं अर्थशास्त्राच्या पुस्तकात आहे. आपल्याला त्या पैसे देऊनही मिळत नव्हत्या.

आता पावाकडे येऊ.

पाव हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. ते गोव्यात होते, वसईत होते, आपल्या रायगड जिल्ह्यात चौल-रेवदंड्याला 1740 पर्यंत होते. गोव्यात पीठ आंबवायला माडाची सूर वापरत. सोवळ्या लोकांनी मात्र या शब्दाचा वेगळाच अर्थ लावला: पायानं मळतात म्हणून पाव. खरं कारण पायात नव्हतं, हातात होतं. पीठ मळणारा हात ख्रिस्त्याचा किंवा मुसलमानाचा. त्यात पाणी त्याचं. म्हणून पाव खाल्ला की माणूस बाटला. विहिरीत पावाचा तुकडा पडला म्हणून अख्खा गाव किरिस्ताव झाला, अशा कथा वसई पट्ट्यात अजून सांगतात.

या पावाची भीती किती होती बघा. 1849 साली मुंबईत दादोबा पांडुरंग वगैरे मंडळींनी परमहंस सभा काढली. जातिभेद मोडायचा म्हणून काढलेली सभा, आणि ती गुप्त! तिच्यात यायचं तर पाव खाऊन दाखवावा लागे. पुढं 1860 च्या सुमारास सभासदांच्या नावांचे कागद फुटले आणि सभा मोडली. म्हणजे एका पावाच्या तुकड्याला शिकलेली माणसं इतकी भ्याली.

चाळीस वर्षांनी पुण्यात तेच. ऑक्टोबर 1890 मध्ये पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोशांनी मोठमोठ्या लोकांना बोलावलं आणि पुढ्यात चहा-बिस्किटं आली. मग जोशांनी ती नावं छापवली. गावात ग्रामण्य झालं, शंकराचार्यांपर्यंत गेलं. शेवटी टिळकांनी आणि रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतलं. एक कप चहा! शाळेत या दोघांची चरित्रं आम्ही पाठ केली. परीक्षेत हा कप कधी आला नाही.

हे सांगायचं कारण असं. त्यांना चहाच्या एका कपासाठी प्रायश्चित्त होतं. आपल्याला कपच नव्हता. त्यांचा प्रश्न होता, कुणाच्या हातचं खावं. आपला प्रश्न होता, आपल्या हाताला कोण शिवेल. आणि गंमत अशी की आपल्यातली कितीतरी माणसं गोऱ्या साहेबांच्या बंगल्यात बटलर होती, लष्करात खानसामे होती. साहेबाचा केक, रोस्ट, सूप महाराच्या हातचं चाललं. तोच हात गावातल्या हॉटेलात किटलीला लागला असता तर दंगल झाली असती.

अशा बाजारात बेकरीची भट्टी काय करत होती? मी पोरगा असताना मोहल्ल्यातल्या बेकरीत पाव आणायला जायचो. भल्या पहाटे. लाकडाची भट्टी, आत लाल निखारा, लांब दांड्याच्या फळीवरून चाचा लाद्या ओढून काढायचे. पिठानं पांढरे झालेले हात. मी पैसे फळीवर ठेवायला लागलो, घरच्या सवयीनं. चाचा म्हणाले, "अरे, हातात दे ना. फळीवर कशाला टाकतोस?" मी हातात दिले. त्यांच्या बोटांचं पीठ माझ्या तळव्याला लागलं. टोस्टचा चुरा कागदात बांधून फुकट दिला. घरी येऊन आयला सांगितलं. ती काही बोलली नाही, चुलीपुढं बसून चहात चुरा बुडवत राहिली.

यावरून चाचा समाजसुधारक होते असं मी म्हणणार नाही. मुसलमानांत जात नाही असंही म्हणणार नाही. मी भट्टीचं गणित सांगतो. बेकरीत बसायचं नसतं. कप नाही, बशी नाही, पंगत नाही. पाव भट्टीतून निघतो, कागदात जातो, हातात येतो. विटाळाला पकडायला जागाच उरत नाही. आणि ज्याला विटाळ पाळायचा होता तो मुळात भट्टीवर येतच नव्हता. जो आला तो नियम मोडूनच आला. म्हणून भट्टीपुढच्या रांगेत आपण कुणाच्या मागं आणि कुणाच्या पुढं उभे राहू शकलो. गावातली ती पहिली रांग, जिथं नंबर जातीनं लागत नव्हता.

मुंबईत हेच काम इराण्यांनी केलं. कयानी 1904 चं, ग्रँट रोडचं मेरवान 1914 चं. नाक्यावरची जागा अशुभ म्हणून हिंदू दुकानदार घेत नव्हते, ती इराण्यांनी घेतली, असं म्हणतात. संगमरवरी टेबल, ब्रून मस्का, पाणी कम चाय. गिरणीतला, गोदीतला, मुन्शिपाल्टीच्या झाडूखात्यातला आपला माणूस तिथं खुर्चीवर बसला. इराण्यानं त्याला जात विचारली नाही, कारण त्याला गल्ल्याशी मतलब. धंद्यानं केलेली समता धंद्यापुरतीच असते. पण ज्यानं कधी खुर्ची पाहिली नव्हती त्याला तेवढ्यानंही पाठ सरळ करता आली.

एक हॉटेल मात्र धंद्यापलीकडचं होतं. कोल्हापुरात गंगाराम कांबळे शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला. पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून त्याला मारलं. महाराजांनी त्याला चहाचं हॉटेल घालून दिलं, सत्यसुधारक. गिऱ्हाईक येईना, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा प्यायले आणि बरोबरच्या सरदारांनाही पाजला. राजा प्यायला तेव्हा बाकीच्यांचा घसा मोकळा झाला. पण किती गावांना राजा मिळणार? पनवेलला नाही मिळाला.

पनवेलला कायदा मिळाला. मुंबई सरकारनं 1946 च्या कायद्यानं हरिजनांवरची सामाजिक बंधनं उठवली. 1950 च्या संविधानात कलम 15 मध्ये दुकानं आणि सार्वजनिक उपाहारगृहं नाव घेऊन लिहिली, कलम 17 नं अस्पृश्यता संपवली. 1955 च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याचं चौथं कलम जरूर वाचा. त्यात हॉटेलात लोकांसाठी ठेवलेली भांडी वापरण्याचा हक्क वेगळा लिहिलाय. भांडी! दिल्लीच्या संसदेला कपबशीसाठी कायदा करावा लागला. ज्यांना वाटतं की हा सगळा आमचा कांगावा आहे, त्यांनी विचार करावा, नसलेल्या कपासाठी कुणी कायदा करतं का?

1948 च्या 1 जूनला पुणे-नगर रस्त्यावर एसटी धावली आणि मग गावोगाव पोचली. पनवेलचा स्टँड कोकणचं दार झाला. स्टँडवर कँटीन आली. तिथं रांग, कुपन, एकसारखे ग्लास. ग्लास कुणाचा कुठला हे पोऱ्यालाही कळत नव्हतं. माझा बा तिथं पहिल्यांदा बाकावर बसून चहा प्यायला. वर बघायची सवय इतकी की कप तोंडाला लावताना मान मागंच गेली. चहा सांडला. शेजारचा पाशिंजर हसला. बाही हसला. मग दुसरा मागवला.

आता पनवेल ओळखू येत नाही. 1970 ला सिडको आली, भातखाचरं गेली, नवीन पनवेल उभं राहिलं. 2016 ला महानगरपालिका झाली. खिळ्यावरचा कप गेला, खिळा राहिला नाही. कागदी कप आले. एकदा प्यायचं आणि फेकायचं. सगळ्यांनाच टाकाऊ कप, म्हणजे समता आली असं कुणी म्हणेल. पण गावातल्या पाट्या वाचत जा. उडुपी आहे, ब्राह्मणी पद्धतीचं घरगुती जेवण आहे, मराठा खानावळ आहे, आगरी-कोळी थाळी आहे. जात इथं चव म्हणून विकली जाते आणि अभिमानानं विकली जाते. आमच्या नावाची पाटी कुठाय? आयच्या हातची सुक्या बोंबलाची चटणी, चान्या, वजडी, नाचणीची भाकर, याला चव नाही काय? आहे. पण पाटी लावली तर गिऱ्हाईक येईल का, या भीतीनं आपली पोरं गाडीवर कुठल्यातरी देवाचं नाव लावतात आणि आडनाव खिशात ठेवतात. खिळ्यावरचा कप तिथं गेलाय, पाटीच्या मागं.

म्हणून पनवेलला या. जरूर खा. मिसळ खा, वडा खा, पहाटे उठून भट्टीचा गरम पाव घ्या. जुन्या हॉटेलात गेलात तर बाकावर ऐसपैस बसा, पाणी मागा, पेला पुढं करून पुन्हा मागा. आणि गल्ल्यावर जुना माणूस असेल तर त्याला विचारा: काका, तुमच्याकडं आमचा कप कुठं टांगलेला असायचा? तो गप्प बसेल, किंवा चिडेल, किंवा भिंतीकडं बोट दाखवील. काहीही केलं तरी ते लिहून ठेवा. तारीख घाला. आपल्या गावाचं नाव घाला. प्रत्येक तालुक्याच्या गावात असा एक खिळा होता, आणि तो ज्यांनी पाहिला ती माणसं आता थोडी उरलीत.